‘फिरतंय’ची खात्री

आमच्या गल्लीत त्याला नावाने कोणी हाक मारत नाही. पोस्टमनसुद्धा शेडच्या दारात उभा राहून "फिरतंय आहेत का?" असं विचारतो, आणि आतून हा स्वतः "आलो, आलो" करत बाहेर येतो. आपल्या लबाडीच्या नावाला इतक्या आनंदाने ओ देणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

धंदा त्याचा जुन्या इंजिनांचा. जगात माणसांची एक जमात आहे. ही माणसं चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची मोडकी मोटार विकत घेतात, ती नट न् नट सुटी करतात आणि उरलेलं आयुष्य ती परत जोडण्यात घालवतात. घरात यांना कोणी विचारत नाही, म्हणून हे गाडीला विचारत बसतात. पत्रा मिळतो, काच मिळते, गाद्या शिवून मिळतात. गाडं अडतं ते इंजिनापाशी. नवं कोणी बनवत नाही, चांगलं जुनं परवडत नाही. मग कोणीतरी यांना सांगतं की अमुक ठिकाणी एक माणूस आहे, वापरलेलं इंजिन स्वस्तात शोधून देतो आणि पेटीत घालून दारात पोचवतो. तो माणूस म्हणजे आमचा हा नग.

स्वस्तात शोधतो, एवढं मात्र खरं. सकाळी वर्तमानपत्र आलं की तो आधी निधनवार्तांचं पान उघडायचा. ऐंशीच्या पुढचा, फोटोत टाय लावलेला, निवृत्त साहेब कोणी दिसला की याचा पांढरा शर्ट खुंटीवरून खाली आलाच. मग दुखवट्याला जायचा. ओळख ना पाळख.

"फार मोठा माणूस गेला हो," असं म्हणत रुमाल काढायचा.

"तुम्ही ओळखत होतात बाबांना?"

"ओळखत म्हणजे काय! त्यांची ती निळी गाडी... मागच्या गॅरेजातच असते ना अजून?"

मी हे ऐकीव सांगत नाही. एकदा मीही त्याच्याबरोबर गेलो होतो, तो रडतो कसा ते बघायला. त्या घरचा मुलगा म्हणाला, "आमच्याकडे गाडी कधीच नव्हती." हा चहाचा कप अर्धा ठेवून उठला. डोळे तोवर कोरडे ठणठणीत झाले होते.

माझं दुकान त्याच्या शेडला लागून. मी लाकडी पेट्या करतो. त्याचं प्रत्येक इंजिन माझ्या पेटीत बसून गेलेलं आहे, तेव्हा त्याच्या पापात फळ्या आणि खिळ्यांपुरता वाटा माझाही आहे. तो मी नाकारत नाही.

आता त्या शब्दाबद्दल. इंजिनाच्या पोटात एक जाडजूड वाकडातिकडा दांडा असतो, त्याला क्रँक म्हणतात. इंजिन वर्षानुवर्षं पडून राहिलं की आतले पिस्टन गंजून चिकटतात आणि क्रँक हलत नाही. अशा इंजिनाला ‘जाम’ म्हणतात आणि ते वजनावर भंगारात जातं. क्रँक जर लांब पान्याने फिरवून फिरला, तर त्या इंजिनाला ‘फिरतंय’ म्हणतात. म्हणजे काय, तर उघडून बघायला हरकत नाही. बस्स. त्या शब्दात याहून जास्त काहीही नाही. चालेल, सुरू होईल, गाडी ओढेल, असलं एक अक्षर त्यात नाही.

पण गिऱ्हाइकाला हे कुठे ठाऊक? त्याने फोनवर विचारायचं, "इंजिन कसं आहे?" याने छाती फुगवून सांगायचं, "फिरतंय! खात्री." पलीकडच्याने फोन ठेवून घरच्यांना सांगायचं, "चालू इंजिन मिळालं!" दोन महिन्यांनी तोच माणूस फोनवर ओरडायचा.

"अहो, हे सुरूच होत नाही!"

"मी कधी म्हटलं सुरू होतं? मी म्हटलं फिरतंय."

"फिरायला माझी सासूसुद्धा फिरते रोज संध्याकाळी! तिला बसवू का गाडीत?"

"बसवा की, तुमची गाडी आहे," असं म्हणून हा फोन ठेवायचा आणि माझ्याकडे बघून डोळा मारायचा. वर या गोष्टीचा त्याला अभिमान. "तेवीस वर्षं झाली, एकदाही खोटं बोललेलो नाही," असं तो सांगत फिरायचा. खोटं बोलायलाही थोडी हिंमत लागते. तीही याच्यात नव्हती.

जाम इंजिन ‘फिरतंय’ कसं करायचं, यात मात्र त्याने हयात घालवली. प्लगच्या भोकांतून रॉकेल आणि तेल ओतायचं, पंधरा दिवस मुरवत ठेवायचं, मग पान्याला चार हात लांब नळी जोडून तिला लोंबकळायचं. तो लोंबकळताना वटवाघळासारखा दिसतो. कुर्र असा आवाज झाला की उडी मारून खाली. मग मोबाइलवर चित्रफीत काढायची. त्यात क्रँक बरोबर दीड फेरा फिरायचा. दुसरा फेरा पुरा करायच्या भानगडीत तो कधी पडला नाही. न जाणो, परत अडकला तर? त्यानंतर तारेचा ब्रश मारून वर चंदेरी रंग. मग वाटेत जहाजावर समुद्राची हवा आणि उंदीर आत जाऊ नयेत म्हणून इंजिनाची सगळी तोंडं चिंध्यांनी बंद करायची. शेवटी माझी पेटी, आणि पेटीवर लाल रंगात, हाताएवढ्या अक्षरांत: फिरतंय. खात्री.

घासायचं, धुवायचं, रंगवायचं काम वहिनींचं. वहिनी म्हणजे त्याची बायको. कोणत्या इंजिनाला कोणती टोपी, कोणत्या नंबराचं इंजिन कोणत्या गाडीचं, हे सगळं त्या बाईच्या डोक्यात. याला विचारलं की हा मान वर करून म्हणणार, "अहो, बघतो हं," आणि मागे वळून हळूच, "अगं, हे कुठलं गं?" तेवीस वर्षं असंच चाललेलं.

आता ती शेड. शेड याची नव्हतीच. ती वहिनींच्या वडिलांची. ते तिथे पत्र्याच्या ट्रंका बनवायचे. ते गेल्यावर कागदोपत्री शेड वहिनींच्या धाकट्या भावाच्या नावावर झाली आणि हा तिथे आपला तसाच ठाण मांडून राहिला. भाऊ दूरच्या बंदराच्या शहरात दातांचा डॉक्टर आहे. त्याच्याबद्दलही मला फारसं प्रेम नाही. दर वर्षी दवाखान्याच्या वाढदिवसाला तो सगळ्या नातेवाइकांना एकेक शर्ट पाठवतो. पोपटी रंगाचा, खिशावर पांढऱ्या धाग्याने भरलेली हसरी दाढ. भेट म्हणून जाहिरात पाठवणारा माणूस हा. वहिनी तो शर्ट घडी करून ठेवायच्या. हा मात्र म्हणायचा, "माझ्या छातीवर स्वतःची दाढ लावतोय!"

या डॉक्टरालाही जुन्या गाडीचं वेड लागलं. दोन दाराची, हिरवी, इंजिन नसलेली. तिच्या गोष्टी तो पेशंटना सांगायचा, म्हणजे तोंडात नळी आणि कापूस असताना, जेव्हा माणसाला ‘पुरे’ म्हणायचीही सोय नसते.

एक दिवस मी शेडमध्ये पेटीचं माप घेत होतो तेव्हा त्याचा फोन आला. याचे हात तेलाचे, म्हणून फोन स्पीकरवर. मी माप घेणं थोडं लांबवलं, हे कबूल करतो.

"दाजी, जरा शेडबद्दल बोलायचं होतं."

"बोला की. शेड तुमचीच आहे."

"माझीच आहे, म्हणूनच बोलतोय. एक फरशीवाला मागे लागलाय. त्याला दुकान टाकायचंय."

याचा चेहरा पडला. पण आवाज तसाच मधाळ. "अहो, पण तेवीस वर्षांचा जम बसलाय इथे..."

"तेच म्हणतो. तेवीस वर्षं जगाला इंजिनं दिलीत, आता एक मला द्या. तीन महिन्यांनी आमच्याकडे जुन्या गाड्यांची फेरी आहे. त्यात माझी गाडी स्वतःच्या इंजिनावर गेली, तर शेड राहू दे. नाही गेली, तर त्या महिन्याच्या शेवटी रिकामी करा."

"एवढंच ना? एक नंबर माल देतो. फिरतंय असं काही—"

"फिरणारं नको, दाजी. चालणारं हवंय."

शेडमध्ये एकेचाळीस इंजिनं होती, मी मोजलेली आहेत. सगळी चंदेरी, सगळी फिरणारी, आणि त्यातलं एकही चालणारं नाही. फोन बंद झाल्यावर हा त्यांच्याकडे असा बघत बसला, की जणू त्यांनीच त्याला फसवलं होतं.

वहिनी कोपऱ्यात रॉकेलने हात धूत होत्या. "अहो, करवतीच्या गिरणीत धडधडतंय, ते कोणत्या गाडीचं?"

"कुठल्या गिरणीत?"

मला हसू आवरेना. मी ज्या गिरणीतून फळ्या आणतो तिची करवत गेली तीस वर्षं एका मोटारीच्या इंजिनावर चालते. माझ्याबरोबर हा तिथे शंभर वेळा आला असेल. त्या शंभर वेळांत त्याने आवारातल्या बंद खोल्या पाहिल्या, मोडक्या गाड्यांचे सांगाडे पाहिले, मालकाच्या म्हाताऱ्या वडिलांची तब्येत विचारली. कानाशी धडधडणारं इंजिन काही त्याला ऐकू आलं नाही. गिधाडाला जिवंत जनावर दिसत नसावं, तसंच काहीसं.

आम्ही तिघे गेलो. वहिनींनी वाकून तेलकट पत्र्याखालचा नंबर पुसला, वाचला आणि म्हणाल्या, "तेच. भावाच्या गाडीचंच."

गिरणीवाल्याने कळ दाबली. अर्ध्या हिसक्यात इंजिन सुरू. करवत गाऊ लागली.

"कधी कुरकुर नाही याची," गिरणीवाला म्हणाला. "पण पेट्रोल पितंय हो. विजेची मोटार मिळाली तर आज देतो."

विजेची मोटार आमच्या शेडमध्ये होती. बोलणं पक्कं झालं. तेवढ्यात फिरतंय पुढे झाला, त्याने पिशवीतून लांब पाना काढला आणि गंभीरपणे म्हणाला, "जरा बंद करा. फिरतंय का बघतो."

गिरणीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. वहिनींनी नुसतं म्हटलं, "अहो, पाना ठेवा आत."

त्या इंजिनासाठी मी आयुष्यातली सगळ्यात चांगली पेटी केली. दोन इंची फळ्या, खाली जाड ओंडके, चारी कोपऱ्यांना बोल्ट. वहिनींनी आतलं पाणी आणि तेल काढलं, वरून ग्रीसचा हात फिरवला, एकही ठिकाण रंगवलं नाही. "चालणाऱ्याला रंग कशाला?" म्हणाल्या, आणि स्वयंपाकाला घरी गेल्या. तोंडं बंद करायची आणि खिळे ठोकायचे एवढंच याच्याकडे राहिलं होतं.

एवढंच! त्यातही या माणसाने काय करावं? चिंध्यांचा डबा रिकामा होता, म्हणून त्याने कपाटातून तो पोपटी शर्ट काढला, कोरा, घडीसकट, आणि हवा आत घेण्याच्या मोठ्या तोंडात कोंबला. अंगठ्याने नीट दाबलादेखील. मला हे दिसत होतं. मी बोललो असतो, पण मेहुण्याची दाढ इंजिनाच्या घशात जाताना बघून मला जी गुदगुली झाली ती मोडवेना. काय करणार, स्वभाव.

मग त्याने लाल रंगाचा डबा उघडला. तेव्हा मात्र मी म्हणालो, "अरे, या वेळी तरी दुसरं काही लिही."

"का?"

"कारण हे खरंच चालतंय."

"मग फिरतंय म्हणून तर चालतंय ना?" तो म्हणाला. "आणि हा माझा शिक्का आहे. लोक अक्षर ओळखतात."

लोक अक्षर ओळखतात, हे त्याने अगदी बरोबर सांगितलं.

पेटी ट्रकने दोन दिवसांत पोचली असती. पण स्वस्त पडतं म्हणून याने ती जहाजाने पाठवली. मेहुण्याचं काम, धंद्याची शेड पणाला लागलेली, तरी याचा हात आखडलेलाच. ते स्वस्तातलं जहाज माल भरेपर्यंत एका धक्क्यावर बसून राहिलं, मग दुसऱ्या धक्क्यावर बसलं. पेटी पोचली तेव्हा फेरीला आठवडाही उरला नव्हता.

आणि मग फेरीच्या चार दिवस आधी वहिनींच्या फोनवर एक फोटो आला. डॉक्टरच्या गॅरेजात एका लांब टेबलावर इंजिन पसरलेलं. पिस्टन वेगळे, क्रँक वेगळा, झडपा ओळीने मांडलेल्या. मधोमध, चिमट्याने धरून ठेवल्यासारखा, पोपटी शर्ट. दाढ हसत होती. खाली डॉक्टरने लिहिलं होतं: ‘दाजींना घेऊन ये.’

"चालू इंजिन कोणी उघडतं का?" फिरतंय किंचाळला. "वेडा आहे का त्याचा मिस्त्री?"

वहिनींनी फोटो मोठा केला आणि शर्टवर बोट ठेवलं. त्याने लगेच बुटाची नाडी बांधायला घेतली. पायात चपला होत्या.

पहिल्याच गाडीने ते दोघं निघाले. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण पेटी माझी, आणि अशा प्रसंगाला बोलावण्याची वाट बघत बसलो असतो तर या वयापर्यंत मला काहीच माहीत नसतं. मीही डब्यात चढलो. प्रवासभर हा खिडकीकडे तोंड करून बसला होता. वहिनी त्याच्याशी एकच वाक्य बोलल्या, तेही उतरताना: "बाबांची शेड आहे ती. माझ्या बाबांची."

दवाखान्याच्या मागे गॅरेज. हिरवी गाडी तोंड वासून उभी, इंजिनाच्या जागी खड्डा. टेबलापाशी मिस्त्री, साठीचा, बारीक, कानावर पेन्सिल. मालक असून डॉक्टर भिंतीला टेकून, हाताची घडी घालून.

"या दाजी," डॉक्टर म्हणाला. "शर्ट बसला नाही का अंगाला?"

फिरतंयने लाचार हसून दाखवलं. "अहो, उलट मऊ कापड म्हणून... इंजिनाला जपायचं म्हणून मुद्दाम..."

"हो ना. आमच्या दाढेला इंजिनात जागा दिलीत, उपकार झाले."

मग हा मिस्त्रीकडे वळला. गरीब माणसावर ओरडायला याला कधीच अडचण नसते. "तुम्ही चालतं इंजिन उघडलंतच कसं? एकदा सुरू करून बघायचं नाही?"

मिस्त्री उठला. कोपऱ्यात माझी पेटी होती, तिचं झाकण त्याने उचलून आणलं आणि याच्यासमोर उभं धरलं. लाल अक्षरं. फिरतंय. खात्री.

"हे तुम्हीच लिहिता ना?"

"हो. का?"

"तुमच्या तीन पेट्या मी आजवर उघडल्यात. पहिलीत एक पिस्टन कमी. दुसरीत उंदराचं बाळंतपण झालेलं. तिसरीत चंदेरी रंगाखाली हातभर चीर. प्रत्येक पेटीवर हेच. आमच्याकडे या शब्दाचा अर्थ आहे, मेलंय, पण अजून ताठ झालेलं नाही. तुमचा शब्द वाचून जो इंजिन सुरू करून बघेल तो मिस्त्री कसला? मी तर पेटी आली त्याच संध्याकाळी सोडून ठेवलं."

फिरतंयने झाकण हातात घेऊन अक्षरं आपल्या पोटाकडे वळवली.

"आणि उघडलं तर," मिस्त्रीचा आवाज थोडा खाली आला, "आत सगळं आरशासारखं. चांगल्या माणसाचं पोट फाडल्यासारखं झालं. पण उघडलं ते उघडलं."

तेवीस वर्षं ज्या शब्दाने याने लोकांना उल्लू बनवलं, त्याच शब्दावर पहिल्यांदा कोणीतरी अक्षरशः विश्वास ठेवला होता. मिस्त्रीने तो बरोबर वाचला होता. या माणसाने आयुष्यात एकदाच खरा माल पाठवला, आणि खरं सांगायला त्याच्याकडे दुसरा शब्दच नव्हता.

"फेरी परवाच्या सकाळी आहे," डॉक्टर म्हणाला. "तुम्ही खात्रीचे मालक. जोडा."

फिरतंयने बाह्या वर केल्या. मला मनापासून सांगायचंय की पुढची पाच मिनिटं मी आयुष्यभर जपून ठेवणार आहे. त्याने एक पिस्टन उचलला, उलटा धरला, नळकांड्यात घालून पाहिला, बाहेर काढला, डोळ्यापाशी नेला आणि वहिनींकडे वळून अगदी सवयीने, हळूच म्हणाला, "अगं, हे कुठलं गं?"

मिस्त्रीने त्याच्या हातातून पिस्टन काढून घेतला, तान्ह्या मुलाला घेतात तसा, दोन्ही हातांनी. "खाली बसा तुम्ही."

वहिनींनी पदर खोचला. "मिस्त्री, याच्यावर एकाचा आकडा आहे. तिसऱ्याची झडप तुम्ही चौथ्यापाशी ठेवलीय."

मिस्त्रीने वाकून पाहिलं. मग पेन्सिल कानावरून काढून वहिनींच्या हातात दिली. "ताई, तुम्ही मला द्यायचं, मी बसवायचं."

दोन दिवस ते दोघं जोडत होते. नवी पॅकिंगं मिस्त्रीने आधीच आणून ठेवली होती, कारण त्या पेटीतून काही बरं निघेल अशी त्याला मुळी आशाच नव्हती. डॉक्टरने दातांची बारीक हत्यारं आणून दिली. इंजिनाच्या खाचा साफ करायला ती फार उपयोगी पडली, आणि मला वाटतं त्या हत्यारांनी केलेलं पहिलं विनादुखणं काम ते असावं. फिरतंय एका स्टुलावर बसून होता. त्याला चिंध्या फाडायचं काम दिलं होतं. पोपटी शर्टापासून सुरुवात करायला लावली. कात्रीही दिली नाही, हाताने फाडायला लावला. शिवण पक्की होती. डॉक्टर जाता येता म्हणायचा, "कापड चांगलं आहे ना, दाजी?" हा "हो, हो, फार मऊ," असं म्हणायचा. खिशावरची दाढ शेवटी उरली, ती त्याने गुपचूप पँटच्या खिशात घातली. का, ते मी विचारलं नाही. उत्तर खोटंच आलं असतं.

परवाची सकाळ आली. इंजिन गाडीत बसलं होतं. तेल भरलं, पाणी भरलं. मिस्त्रीने डॉक्टरला बाजूला केलं आणि किल्ली वहिनींना दिली. वहिनी आत बसल्या. त्यांना गाडी चालवता येत नाही, त्या दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसल्या होत्या, जणू वडिलांची ट्रंकच धरली आहे.

किल्ली फिरली. घर्र. थांबलं. पुन्हा घर्र.

"फिरतं—" हा स्टुलावरून उठत म्हणाला.

"गप्प बसा!" वहिनी आतून ओरडल्या. तेवीस वर्षांत पहिल्यांदा.

तिसऱ्यांदा किल्ली फिरली आणि इंजिनाने एक खोकला काढून सूर धरला. निळसर धूर, मग पांढरा, मग काहीच नाही. फक्त एकसारखी घरघर, गिरणीत यायची तशी, टेबलावरचे स्क्रू थरथरवणारी.

मिस्त्री याच्याकडे वळला. "ऐकताय? याला चालतंय म्हणतात."

फिरतंय तोंड उघडं टाकून ऐकत होता. माझ्या ध्यानात आलं की तेवीस वर्षांत, शेकडो इंजिनं विकून, या माणसाने आपलं एकही इंजिन चालताना ऐकलेलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. धुरामुळे, असं तो सांगतो. मीही धुरामुळेच म्हणतो. त्याला आणखी काही वाटलं असेल असं मानायला लागलं, तर त्याच्याबद्दल सांगायच्या निम्म्या गोष्टी मला सोडून द्याव्या लागतील.

गाडी फेरीत गेली. डॉक्टर वाटभर लोकांना हात हलवत होता, लोक गाडीकडे बघत होते. परत आली तीही स्वतःच्या इंजिनावर.

संध्याकाळी जेवताना डॉक्टर म्हणाला, "ताई, ठरल्याप्रमाणे शेड राहील."

फिरतंयने मान डोलावली, पुन्हा जरा ताठ बसला आणि म्हणाला, "मी म्हटलंच होतं, खात्री—"

"तुझ्या नावावर, ताई," डॉक्टरने वाक्य पुरं केलं. "कागद करून ठेवलेत. दाजींना ठेवायचं की फरशीवाल्याला, ते तू ठरव."

त्या जेवणात मी तीन वेळा वाढून घेतलं. इतकी चव मला क्वचित लागते.

वहिनींनी त्याला ठेवला. का, हे मला आजवर कळलेलं नाही आणि मी खूप चौकशी केलेली आहे. पण लाल रंगाचा डबा आता त्यांच्या टेबलाच्या कुलपात असतो. पेटीवर काय लिहायचं ते त्या लिहितात, बारीक अक्षरात, चार-चार ओळी: पिस्टन चिकटलेले होते, सोडवले आहेत, उजवीकडे चीर आहे, सुरू करून पाहिलेलं नाही. एवढं वाचूनही ती जमात इंजिनं मागवतेच. मला तर वाटतं, मोडकं आहे हे लिहून मिळाल्यावर त्यांना जास्तच आनंद होतो.

कालच मी माप घ्यायला शेडमध्ये गेलो होतो. याचा फोन वाजला. पलीकडून कोणीतरी विचारलं, इंजिन कसं आहे?

"फिर—" याच्या तोंडून निघालं. पलीकडच्या टेबलावरून वहिनींनी चष्म्याच्या वरून पाहिलं. हा मध्येच थांबला, पँटच्या खिशात हात घालून काहीतरी चाचपत म्हणाला, "थांबा हं जरा. विचारून सांगतो."